गटिंगेनच्या सात प्राध्यापकांची बडतर्फी

इंग्लंडचा राजा चौथा विल्यम २० जून १८३७ रोजी विंडसर येथे वारला, तेव्हा त्याच्या मुखवट्याचा रुपया पाडण्यास कंपनीसरकारने आरंभ करून पुरी दोन वर्षेही झाली नव्हती. पुढील रुपयांवर कोणाचा मुखवटा आला हे आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. विल्यमची अठरा वर्षांची पुतणी व्हिक्टोरिया गादीवर आली आणि जवळजवळ चौसष्ट वर्षांच्या एका दीर्घ अमदानीस प्रारंभ झाला. परंतु त्याच मृत्यूने उत्तर जर्मनीतील एका मध्यम आकाराच्या राज्यात जे स्थित्यंतर घडविले, त्याचा वृत्तांत आपल्याकडे फारसा कोणी सांगितलेला नाही. हानोव्हरचे राज्य आणि इंग्लंडचे राज्य १७१४ पासून एकाच राजाच्या छत्राखाली होते. पण हानोव्हरच्या वंशनियमाप्रमाणे घराण्यात पुरुष वारस हयात असेपर्यंत स्त्रीला गादी मिळत नसे. सबब एकशे तेवीस वर्षांचा हा संबंध एका रात्रीत तुटला, आणि तिसऱ्या जॉर्जचा पाचवा मुलगा, कंबरलंडचा ड्यूक एर्न्स्ट आउगुस्ट, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी हानोव्हरचा राजा झाला.

हा गृहस्थ एका डोळ्याने अधू, पेशाने सेनापती आणि मताने इतका कर्मठ होता की लंडनच्या उमरावसभेत कॅथलिकांना राजकीय हक्क देण्याच्या विधेयकास आणि पुढे मतदानसुधारणेच्या विधेयकास त्याने निकराने विरोध केला होता. लंडनमध्ये त्याच्याविषयी प्रेम बाळगणारी माणसे मोजकीच होती आणि तो इंग्लंड सोडून गेला तेव्हा पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हानोव्हरमध्ये मात्र लोकांनी कमानी उभारून त्याचे स्वागत केले. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रापलीकडून राज्य चालविणारा धनी आता गावातच राहावयास येणार, याचे त्यांना अप्रूप वाटले असल्यास नवल नाही.

आल्या आल्या राजाची दृष्टी १८३३ च्या राज्यघटनेकडे वळली. ही घटना विल्यमने मंजूर केलेली होती. तिच्यात फार मोठी लोकसत्ता होती असे नाही. पण एक कलम राजाला विशेष सलणारे होते. राजघराण्याच्या खासगी जमिनींचे उत्पन्न आणि राज्याच्या करांचे उत्पन्न ही दोन्ही त्या घटनेने एकाच खजिन्यात आणली होती आणि राजाच्या खर्चास नेमणूक ठरवून दिली होती. आपल्याकडील संस्थानांचा कारभार ज्यांनी पाहिला आहे त्यांना खासगी आणि दौलत यांतील हा तंटा मुळीच अपरिचित वाटणार नाही. राजाच्या बाजूने बोलावयाचे तर त्याचा कायदेशीर मुद्दा अगदीच पोकळ नव्हता: घराण्याच्या मिळकतीत बदल करताना भावी वारस म्हणून आपली संमती घ्यावयास हवी होती, ती घेतली गेली नाही, आणि विल्यमने प्रतिनिधिसभेने संमत केलेल्या मसुद्यात स्वतःच्या अधिकारात काही फेरफार करून मग तो जाहीर केला, असे त्याचे म्हणणे होते. असा वाद न्यायसभेपुढे नेता आला असता. राजाने तो नेला नाही. ५ जुलैच्या जाहीरनाम्याने त्याने ही घटना आपणांस बंधनकारक नाही असे कळविले, आणि १ नोव्हेंबर १८३७ च्या जाहीरनाम्याने ती रद्द केली. लोकांना गोड वाटावे म्हणून करांत थोडी सूट देण्याचे आश्वासन त्यात घातले, आणि सरकारी नोकरांना उद्देशून असे नमूद केले की घटनेशी एकनिष्ठ राहण्याची जी शपथ त्यांनी घेतली होती, तिच्यातून ते आता मुक्त झाले आहेत.

वादाचे मूळ या शेवटच्या वाक्यात होते, आणि ते वाक्य लिहिणाऱ्या दरबारी मंडळींना त्याचे काही महत्त्व वाटले असेल असे दिसत नाही. हजारो अंमलदारांनी, मुन्सफांनी आणि पाद्र्यांनी ते वाचले आणि आपापल्या कामाला लागले.

गटिंगेनचे विद्यापीठ हे हानोव्हर राज्याचे भूषण होते. दुसऱ्या जॉर्जच्या नावाने १७३७ मध्ये उघडलेले हे पीठ शंभर वर्षांत युरोपातील अग्रगण्य विद्यास्थानांपैकी एक झाले होते. त्याचा ग्रंथसंग्रह जगप्रसिद्ध होता; गाउससारखा गणिती तेथे वेधशाळा सांभाळीत होता, आणि त्याने व तरुण पदार्थवैज्ञानिक विल्हेल्म वेबर याने १८३३ मध्ये वेधशाळेपासून पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेपर्यंत गावातील घरांच्या छपरांवरून तार ओढून विजेने संदेश पाठविण्याचा प्रयोग यशस्वी केला होता. सप्टेंबर १८३७ मध्ये शताब्दीचा उत्सव झाला. अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट आला होता. मिरवणुका, लॅटिन भाषणे, मेजवान्या यथासांग पार पडल्या. नव्या सभागृहासमोर चौथ्या विल्यमचा पुतळा उभा राहिला. पुतळ्यातील राजाने दिलेली घटना जिवंत राजा सहा आठवड्यांनी मोडणार आहे, ही कुणकुण उत्सवाच्या गर्दीत अनेकांना होती.

जर्मनीतील प्राध्यापक तोपर्यंत निर्भय होते अशी कोणी कल्पना करू नये. १८१९ च्या कार्ल्सबाडच्या ठरावांनी प्रत्येक विद्यापीठावर सरकारचा एक मुखत्यार बसविला होता, आणि एका राज्याने राजकीय कारणावरून काढलेल्या शिक्षकाला दुसऱ्या कोणत्याही जर्मन राज्याने नोकरी देऊ नये असा करार केला होता. खुद्द गटिंगेनमध्ये जानेवारी १८३१ मध्ये काही तरुण अध्यापकांनी गावाचा कारभार हाती घेण्याचा प्रयत्न केला होता आणि लष्कराने तो मोडून काढला होता. त्या बंडाचा तीव्र निषेध करणाऱ्यांमध्ये इतिहास व राज्यशास्त्राचा प्राध्यापक फ्रीडरिख ख्रिस्टोफ डालमान हा होता. हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे, कारण पुढे ज्याला राजद्रोही ठरविण्यात आले तो हाच. डालमान दंगेधोप्याचा शत्रू, वारसागत राजसत्तेचा समर्थक आणि १८३३ ची घटना सिद्ध करण्यात ज्यांचा हात होता त्यांपैकी एक होता.

१ नोव्हेंबरचा जाहीरनामा निघाल्यावर त्याने विद्यापीठाच्या वतीने काही निवेदन जावे अशी खटपट केली. विद्वानांच्या सभेत अशा वेळी जे होते ते झाले. प्रत्येकाला विषय गंभीर वाटला आणि प्रत्येकाला थोडे थांबावेसे वाटले. तेव्हा डालमानने स्वतःच मसुदा लिहिला आणि १८ नोव्हेंबर १८३७ रोजी विद्यापीठावरील सरकारी नियामक मंडळाकडे तो सात सह्यांनिशी रवाना झाला. डालमानच्या पाठोपाठ सह्या करणारे सहा जण असे: जर्मन कायद्याचा पंडित विल्हेल्म एडुआर्ड आल्ब्रेख्ट, भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम आणि त्याचा धाकटा भाऊ विल्हेल्म ग्रिम, इतिहासकार गेओर्ग गोटफ्रीड गेर्विनुस, ज्याला गटिंगेनला येऊन जेमतेम वर्ष झाले होते, प्राच्यविद्येचा अध्यापक हाइनरिख एवाल्ट, आणि तारेचा प्रयोग करणारा वेबर. विद्यापीठात त्या वेळी प्राध्यापक होते एकेचाळीस.

या सातांचे एक मत होते असे म्हणावयास जागा नाही. गेर्विनुस उदारमतवादी आणि काहीसा तापट. आल्ब्रेख्टने त्याच वर्षी एका ग्रंथपरीक्षणात राज्य ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असून राजा हा तिचे एक अंग आहे असा सिद्धांत मांडला होता, जो पुढे जर्मन राज्यशास्त्राचा पाया ठरला. वेबरला राजकारणात रस असल्याचे कोणी पाहिले नव्हते. ग्रिम बंधू तर जुन्या कथा, जुने कायदे, जुने शब्द यांत रमलेले. कासेलच्या ग्रंथालयात बढती नाकारली गेली म्हणून मन मारून ते १८३० मध्ये गटिंगेनला आले होते, आणि याकोबने आपल्या पहिल्या व्याख्यानाचा विषयच मुळी मातृभूमीची ओढ हा निवडला होता. बावन्न वर्षांचा हा अविवाहित विद्वान भावाच्या संसारात राहत असे. असल्या माणसांना एकत्र आणणारी गोष्ट कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात सापडण्यासारखी नव्हती.

निवेदनाचा आशय फार सरळ होता. आम्ही घटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली आहे. घटना कायदेशीर रीतीने अस्तित्वात आली अशी आमची खात्री आहे. केवळ बळाच्या जोरावर ती बाजूला सारली जात असता आम्ही मौन धरणे आमच्या सदसद्विवेकाला मान्य होत नाही. सबब आम्ही त्या शपथेने अद्याप बद्ध आहोत, आणि दुसऱ्या कोणत्याही पायावर भरणाऱ्या प्रतिनिधिसभेसाठी विद्यापीठातर्फे जी निवडणूक होईल तीत आम्ही भाग घेणार नाही व त्या सभेस वैध मानणार नाही. येथवर हा कायदेपंडितांचा युक्तिवाद झाला. परंतु पुढे डालमानने जे लिहिले ते शिक्षकाखेरीज दुसऱ्या कोणाला सुचणे कठीण होते. आमच्या अध्यापनाचे सारे फळ, असे त्याने बजाविले, आमच्या पांडित्यापेक्षाही आमच्या वैयक्तिक निष्कलंकतेवर अवलंबून आहे. आपल्या शपथांशी खेळ करणारी माणसे म्हणून आम्ही एकदा विद्यार्थ्यांपुढे उभे राहिलो की आमच्या कार्याचा आशीर्वाद त्याच क्षणी संपला. आणि ज्यांनी कालची शपथ आज टाकून दिली त्यांच्याकडून घेतलेल्या राजनिष्ठेच्या शपथेला राजाच्या लेखी तरी काय मोल राहणार, असाही प्रश्न त्याने शेवटी विचारला.

मला या निवेदनाचे सामर्थ्य त्याच्या आटोपशीरपणात दिसते. त्यात स्वातंत्र्याचा गजर नाही. राजाला पायउतार करण्याची भाषा नाही, विद्यार्थ्यांना चिथावणी नाही, वर्गात राजकारण बोलण्याचा हक्कसुद्धा मागितलेला नाही. मागणी इतकीच की जो कायदा, इतिहास आणि भाषा शिकवितो, त्याचा स्वतःचा शब्द सरकारी हुकुमाने बांधता आणि सोडता येण्यासारखा असू नये. या मागणीला शैक्षणिक स्वातंत्र्य हे नाव पुढच्या काळाने दिले.

उरलेल्या चौतिसांचे काय? त्यांतील बहुतेकांना सात जणांचे म्हणणे मनातून पटत होते असे मानावयास आधार आहे, आणि बहुतेकांची बायकामुले, कर्जे, अपुरे ग्रंथ आणि वृद्ध आईबाप होते. गाउसने सही केली नाही. एवाल्ट त्याचा जावई होता, वेबर त्याचा उजवा हात होता, आणि नव्वदी ओलांडलेली आई त्याच्या घरात होती. त्याला भीरू म्हणणारे चरित्रकार आहेत. मला तो निर्णय कठोर वाटतो. गाउसला राज्यकर्त्यांच्या भांडणात सत्याचा अंश शोधण्याची सवयच नव्हती, आणि ज्याने कधी एक पक्ष घेतला नाही त्याने त्या नोव्हेंबरात तो घ्यावा अशी अपेक्षा करणे हे मागाहून शहाणे होणे आहे. तरी इतके खरे की त्याच्या एका सहीचे वजन इतर तीस सह्यांइतके झाले असते, आणि हे त्याच्याइतके अचूक मोजणारा गटिंगेनमध्ये दुसरा नव्हता.

नियामक मंडळाकडे गेलेले निवेदन गुप्त राहिले असते तर कदाचित प्रकरण तोंडी ताकिदीवर मिटले असते. पण त्याच्या नकला विद्यार्थ्यांच्या हाती पडल्या, आणि विद्यार्थ्यांनी रात्रीचा दिवस करून हातांनी शेकडो प्रती उतरविल्या. थोड्याच दिवसांत जर्मनीभर त्या पोचल्या, परदेशी वृत्तपत्रांत मजकूर छापून आला. राजा संतापला. त्या वेळी तो गटिंगेनच्या उत्तरेस रोटेनकिर्खेन येथील शिकारीच्या वाड्यात मुक्कामास होता. विद्यापीठाचा प्ररेक्टर आणि विद्याशाखांचे प्रमुख तेथे मुजऱ्यासाठी गेले. राजनिष्ठेचे चार शब्द बोलले. आणि सरकारी वृत्तपत्राने मग असे छापले की शिष्टमंडळाने सात जणांच्या कृत्याबद्दल नापसंती दर्शविली. नक्की काय बोलणे झाले याविषयी पुढे बरेच वाद झाले. शिष्टमंडळातील कोणी जाहीर खुलासा केला नाही एवढे निश्चित. तेव्हा प्राचीन ग्रीसचा थोर अभ्यासक कार्ल ओटफ्रीड म्यूलर आणि त्याचे पाच सहकारी यांनी, आपण सात जणांच्या निवेदनाबद्दल कधीही नापसंती दर्शविलेली नाही, असे लेखी प्रसिद्ध केले. पहिली सही करण्याचे धैर्य न झालेल्या माणसांनी, खोटे आपल्या नावावर खपविले जाताच, दुसऱ्या सहीचे धैर्य दाखविले. इतिहासात अशा दुय्यम धैर्याची नोंद क्वचित होते. म्हणून ती येथे मुद्दाम करतो.

विद्यापीठाच्या न्यायसभेपुढे सातांची तहकीकात झाली. निवेदनाची प्रत कोणी कोणास दिली हा मुख्य सवाल होता. डालमान, याकोब ग्रिम आणि गेर्विनुस यांनी आपण ती इतरांस दाखविल्याचे मोकळेपणाने कबूल केले. १४ डिसेंबर रोजी फर्मान हाती पडले. सातही प्राध्यापक बडतर्फ. आणि तिघांनी तीन दिवसांच्या मुदतीत राज्याची हद्द सोडावी, न सोडल्यास कैद. न्यायाधीशांचा फैसला नव्हता, बचावाची संधी नव्हती, पुढील उपजीविकेची तरतूद नव्हती.

१७ डिसेंबर १८३७ चा तो प्रवास जर्मन विद्यार्थ्यांच्या स्मरणात पिढ्यान्‌पिढ्या राहिला. सरहद्दीपलीकडचे पहिले गाव म्हणजे वेरा नदीवरील, हेसे राज्यातील व्हिट्सेनहाउझेन. विद्यार्थ्यांनी तेथवर पोचवावयास जाऊ नये म्हणून गावातील गाडीवाल्यांना त्यांना घोडे अगर गाड्या भाड्याने देण्याची मनाई करण्यात आली होती. तेव्हा शेकडो विद्यार्थी ऐन हिवाळ्यात आदल्या रात्रीच पायी निघाले आणि आपल्या गुरूंच्या आधी सरहद्दीवर जाऊन उभे राहिले. याकोब ग्रिमने स्वतः लिहून ठेविलेल्या हकीकतीत एक प्रसंग आहे: हद्द ओलांडताच एका म्हाताऱ्या बाईने आपल्या नातवाला, हा मनुष्य परागंदा झालेला आहे, त्याच्याशी हात मिळव, असे सांगितले. ज्याने आयुष्यभर म्हाताऱ्या बायकांच्या तोंडच्या गोष्टी टिपल्या, त्याला अशा बाईने त्याच्याच कथेत स्थान द्यावे, यात योगायोग आहे; पण याकोबने तो अलंकार म्हणून वापरलेला नाही. त्याला विशेष वाटले ते हे की ज्या हेसे प्रांतात तो जन्मला होता, त्याच प्रांतात तो आता आश्रित म्हणून शिरत होता. आपल्या बडतर्फीविषयी त्याने जे छोटे पुस्तक लिहिले ते जर्मनीत छापणे अशक्य होते; ते १८३८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे निघाले, आणि डालमानचे समर्थनही तेथेच.

राजाचे मत यत्किंचितही बदलले नाही. बर्लिनच्या एका मेजवानीत हुम्बोल्टच्या देखत तो म्हणाला की प्राध्यापक, नर्तकी आणि वारांगना पैसे टाकले की कोठेही मिळतात, अशी आख्यायिका त्या वेळच्या लोकांनी नोंदविली आहे. शेजारच्या प्रशियाच्या गृहमंत्र्याने तर याहून संस्मरणीय उत्तर दिले. आल्ब्रेख्टचे जन्मगाव एल्बिंग प्रशियात होते. तेथील नागरिकांनी आपल्या गावच्या या सुपुत्राचे अभिनंदन करणारे पत्र पाठविले होते. मंत्री फोन रोखो याने जानेवारी १८३८ मध्ये त्यांना लेखी समज दिली की राज्याच्या प्रमुखाच्या कृतींना प्रजाजनाने आपल्या संकुचित आकलनाचा मापदंड लावणे योग्य नव्हे. प्रजेच्या संकुचित आकलनाचे हे बिरुद जर्मन भाषेत म्हण होऊन बसले आणि त्याने रोखोच्या कारकिर्दीतील इतर सारे मागे टाकले.

लोकांनी मात्र आपले आकलन पैशात मोजून दाखविले. लाइप्झिगमध्ये एक समिती स्थापन झाली, इतर शहरांतून तिच्या शाखा निघाल्या, आणि सातही जणांना पगाराइतकी रक्कम मिळत राहावी म्हणून वर्गणी गोळा झाली. बडतर्फ शिक्षकांना जनतेने पोसावे अशी ही जर्मनीतील पहिलीच मोठी घटना. ओस्नाब्रूक शहराने हा प्रश्न जर्मन राज्यांच्या संघसभेपुढे नेला. हायडेलबर्ग, येना आणि ट्यूबिंगेन येथील कायदेपंडितांनी घटना वैध असल्याचे अभिप्राय दिले. आणि १८३९ मध्ये संघसभेने हस्तक्षेपास कारण नाही म्हणून प्रकरण दप्तरदाखल केले.

सातांपैकी कोणी उपाशी मेला नाही. कार्ल्सबाडचा करार कागदावर होता, पण जर्मन राजेलोकांच्या आपसांतील हेवेदाव्यांनी त्यात फटी पाडल्या होत्या. एवाल्टला १८३८ मध्येच ट्यूबिंगेनने बोलाविले, आल्ब्रेख्टला १८४० मध्ये लाइप्झिगने, डालमानला १८४२ मध्ये बॉनने. वेबरला परत घेण्याविषयी हुम्बोल्ट व गाउस यांनी खटपट केली, परंतु निवेदन मागे घेण्याची अट वेबरने मानली नाही. काही वर्षे तो कोणत्याही पदाविना गटिंगेनमध्येच राहिला, १८४३ मध्ये लाइप्झिगला गेला आणि १८४९ मध्ये आपल्या जुन्या जागेवर परतला. ग्रिम बंधूंचा अनुभव अधिक कडवट होता. बर्लिनमधील जुने स्नेही, ज्यांत थोर कायदेपंडित साविन्यी होता, सहानुभूती दाखवीत; पण आपल्या राजापुढे त्यांचे नाव काढण्यास कचरत. बेटीना फोन आर्निम या बाईने मात्र साविन्यीला, तो तिच्या सख्ख्या बहिणीचा नवरा असूनही, खरमरीत पत्र लिहून त्याच्या भिडस्तपणाचे वाभाडे काढले. १८४० मध्ये प्रशियात नवा राजा आला आणि पुढच्या वर्षी दोघे भाऊ बर्लिनला गेले. दरम्यान, ते बेकार असता, लाइप्झिगच्या प्रकाशकांनी त्यांच्यापुढे जर्मन भाषेच्या समग्र कोशाची योजना ठेविली होती. त्याचा पहिला खंड १८५४ मध्ये निघाला. याकोब १८६३ मध्ये फळ या अर्थाच्या शब्दापर्यंत येऊन थांबला. आणि तो कोश पुरा व्हावयास १९६१ साल उजाडले. एर्न्स्ट आउगुस्टने जर्मन विद्येवर नकळत केलेला हा एक उपकार म्हटला पाहिजे.

१८४८ मध्ये फ्रांकफुर्टच्या पाउल्सकिर्खे या देवळात जर्मनीची पहिली राष्ट्रीय सभा भरली तेव्हा तीत डालमान, आल्ब्रेख्ट, गेर्विनुस आणि याकोब ग्रिम हे चौघेही होते. त्या सभेने २८ मार्च १८४९ ची जी घटना केली, तिच्या १५२ व्या कलमात विद्या आणि तिचे अध्यापन मुक्त असल्याचे घोषित झाले. घटना अंमलात आली नाही, पण ते कलम मेले नाही. प्रशियाने, पुढे वायमारच्या प्रजासत्ताकाने आणि अखेर पश्चिम जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्याने ते उचलले. गेर्विनुसला मात्र त्याचा लाभ झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासाला त्याने लिहिलेल्या प्रस्तावनेबद्दल १८५३ मध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि हायडेलबर्गमध्ये शिकविण्याची त्याची परवानगी काढून घेण्यात आली.

परंतु सातांपैकी सर्वांत विलक्षण शेवट एवाल्टचा. हिब्रू व्याकरणाचा हा आचार्य संस्कृतही शिकवीत असे आणि तरुणपणी त्याने संस्कृत वृत्तांवर निबंध लिहिला होता. स्वभावाने तो भांडखोर होता; सहकाऱ्यांना त्याच्या सहवासात सुख नव्हते. १८४८ मध्ये तो गटिंगेनला परत आला. १८६६ मध्ये प्रशियाने हानोव्हर जिंकून खालसा केले आणि एर्न्स्ट आउगुस्टचा आंधळा मुलगा पाचवा जॉर्ज याला परागंदा व्हावे लागले. आता सर्व प्राध्यापकांनी प्रशियाच्या राजाशी एकनिष्ठतेची शपथ घ्यावी असा हुकूम सुटला. एवाल्टने नकार दिला. ज्या घराण्याने तीस वर्षांपूर्वी त्याला बडतर्फ केले होते, त्याच घराण्याला दिलेला शब्द विजेत्याच्या हुकुमाने सुटत नाही, असे त्याने सांगितले. नोकरी गेली, शिकविण्याचा हक्कही गेला. हानोव्हरच्या लोकांनी त्याला बर्लिनच्या कायदेमंडळात निवडून दिले, आणि १८७४ मध्ये बिस्मार्कची निंदा केल्याबद्दल सत्तरीतल्या या पंडिताने तीन आठवडे तुरुंग भोगला. पुढच्या वर्षी तो वारला. १८३७ चे निवेदन हे उदारमतवादाचे बंड होते असे मानणाऱ्यांनी एवाल्टकडे पाहावे. त्याची दुसरी बडतर्फी कोणत्याच पुरोगामी यादीत बसत नाही, आणि पहिलीचा अर्थ तिच्यावाचून समजत नाही.

गटिंगेनशी आपला संबंध पुढे बराच आला. गटिंगेनमध्ये व्याख्याने ऐकलेला मार्टिन हौग १८५९ मध्ये पुण्याच्या कॉलेजात संस्कृतचा अध्यापक म्हणून आला. त्याच्या मागून डेक्कन कॉलेजात पंधरा वर्षे काढलेला फ्रान्ट्स कीलहॉर्न पतंजलीच्या महाभाष्याची आवृत्ती हाती घेऊन १८८२ मध्ये गटिंगेनचा प्राध्यापक झाला, आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ मध्ये सन्मान्य पदवी देणारे विद्यापीठ तेच.

१९३३ च्या एप्रिलमध्ये हिटलरच्या सरकारने ज्यू आणि राजकीय दृष्ट्या संशयित नोकरांना काढण्याचा कायदा केला. पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळविणारा गटिंगेनचा प्राध्यापक जेम्स फ्रांक हा ज्यू असला तरी महायुद्धात लढलेला असल्याने त्याला सूट होती; त्याने ती नाकारून १७ एप्रिल रोजी राजीनामा दिला आणि तो वृत्तपत्रांतून जाहीर केला. आठवड्याच्या आत गटिंगेनच्या बेचाळीस अध्यापकांनी पत्रक काढले. या वेळी सह्या गोळा करण्यास अडचण पडली नाही: फ्रांकचा राजीनामा म्हणजे राष्ट्राचा घातपात होय, असे त्या पत्रकात म्हटले होते. पुढच्या वर्षी साऱ्या सरकारी नोकरांकडून हिटलरच्या नावाने शपथ घेण्यात आली. जेथे डालमानने अखेरपर्यंत शिकविले त्या बॉनमध्ये कार्ल बार्ट या धर्मशास्त्रज्ञाने ती बिनशर्त घेण्यास नकार दिला आणि त्याची जागा गेली.

हा अनुभव पाठीशी घेऊन १९४९ च्या मूलभूत कायद्याने जेव्हा अध्यापनाचे स्वातंत्र्य पुन्हा लिहिले, तेव्हा त्याला एक पुस्ती जोडली: हे स्वातंत्र्य शिक्षकाला घटनेवरील निष्ठेतून मुक्त करीत नाही. सात प्राध्यापकांनी राजाविरुद्ध पुढे केलेले शस्त्र आता राज्याच्या हाती आले. २८ जानेवारी १९७२ च्या ठरावाने पश्चिम जर्मनीत सरकारी नोकरीसाठी येणाऱ्यांच्या घटनानिष्ठेची चौकशी सुरू झाली, आणि कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद असलेल्या शिक्षकांना तिची झळ विशेष लागली. जुने हानोव्हर ज्यात सामावले त्या लोअर सॅक्सनी राज्यात, येव्हर गावच्या शाळेत जर्मन व फ्रेंच शिकविणारी एक शिक्षिका त्यांत होती. तिच्या अध्यापनात खोट काढावयास कोणाला जागा सापडली नव्हती, पालक व सहकारी तिच्याविषयी आदराने बोलत, वर्गात पक्षाचा प्रचार केल्याचा आरोपही नव्हता. पक्ष सोडण्यास मात्र ती तयार नव्हती. १९८७ मध्ये तिला बडतर्फ करण्यात आले आणि ती नाटकमंडळीत काम करून राहिली. राज्यात सरकार बदलल्यावर तो नियम मागे घेतला गेला आणि १९९१ मध्ये ती शाळेत परतली. तरी तिने दावा सोडला नाही. २६ सप्टेंबर १९९५ रोजी स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की तिच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा व संघटनास्वातंत्र्याचा भंग झाला आहे. न्यायाधीश एकोणीस होते. तिच्या बाजूने दहा, विरुद्ध नऊ.